वायर भिंतीत आहे, मग यंत्रणा फेकू नका: जुना वायर्ड अलार्म कमी खर्चात पुन्हा सुरू करताना

जळगावातलं महाबळ, धुळ्यातलं देवपूर, भुसावळच्या जुन्या कॉलन्या. अशा वस्त्यांतल्या बऱ्याच बंगल्यांत एकेकाळी हौसेनं बसवलेला अलार्म आज नुसता भिंतीवर टांगलेला दिसतो. दाराच्या चौकटीवर बोटाएवढा पांढरा प्लॅस्टिकचा तुकडा, हॉलच्या कोपऱ्यात वर एक सेन्सर, जिन्याखाली कुलूपवाली लोखंडी पेटी, आणि कीपॅडवर एकही दिवा नाही. दुकानात विचारलं तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: हे काढा, वायरलेस बसवा.

माझं मत वेगळं आहे. अशा यंत्रणेतली सगळ्यात महागडी आणि कष्टाची गोष्ट म्हणजे भिंतीच्या आत, पाइपांतून, चौकटीमागून फिरवलेली वायर, आणि ती बहुतेक वेळा शाबूत असते. मेलेली असते ती बॅटरी, गंजलेला असतो एखादा जोड, तुटलेला असतो एखादा दाराचा कॉन्टॅक्ट, म्हणजे चौकटीवरचा तो पांढरा तुकडा. हे सगळे भाग स्वस्त आहेत. शिवाय वायर्ड सेन्सरमध्ये दर वर्षी सेल बदलण्याची कटकट नसते. म्हणून पॅनल, म्हणजे पेटीतला मुख्य बोर्ड, खरोखरच जळालेला असला, तरी फक्त पॅनल नवा घ्या. वायर, कॉन्टॅक्ट आणि हूटर (भोंगा) तेच ठेवा.

हात लावण्याआधी

साधा डिजिटल मल्टिमीटर हवाच. दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मीटर या कामाला पुरतो. सोबत बारीक पेचकस, मास्किंग टेप, पेन, छोटा सोल्डरिंग गन, थोडं कथील, हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी) आणि एक सुटं लोहचुंबक ठेवा. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की आज हूटर वाजू शकतो. पेटीचं झाकण उघडताच वाजणारा टॅम्पर स्विच बऱ्याच पॅनलमध्ये असतो, आणि बाहेरच्या काही हूटरमध्ये स्वतःची वेगळी बॅटरी असते. त्यांची वायर तोडली की ते आपोआप ओरडतात.

पॅनलला येणारा २३० व्होल्टचा पुरवठा एमसीबीवरूनच बंद करा, नुसत्या स्विचवर विसंबू नका. झाकण उघडल्यावर मीटर लावून खात्री करा. मग बॅटरीच्या वायरी काढून त्यांच्या टोकांना टेप गुंडाळा. ही बॅटरी लहान दिसते, पण तिची दोन टोकं अंगठीनं किंवा बांगडीनं जोडली गेली तर धातू क्षणात लाल होतो. हातातलं सगळं काढून ठेवा. २३० व्होल्टच्या बाजूला काम करायची सवय नसेल, तर तेवढा भाग वायरमनकडून करून घ्या. उरलेलं सगळं १२ व्होल्टच्या आसपासचं आहे आणि ते घरच्या माणसाला जमतं.

आता फोटो काढा, जवळून आणि भरपूर प्रकाशात. मग प्रत्येक वायरला टेपची चिठ्ठी लावा. पट्टीवर साधारण असे शब्द दिसतील: एसी म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणारी वीज, ऑक्स प्लस-मायनस म्हणजे सेन्सरना जाणारे १२ व्होल्ट, झेड१, झेड२ हे झोन (एकेका दाराचा किंवा सेन्सरचा वेगळा भाग), कॉम म्हणजे झोनची सामाईक वायर, बेल म्हणजे हूटर. बोर्डावर छापलेला मॉडेल नंबर लिहून घ्या. त्या नंबरावरून माहितीपुस्तिका बहुतेक वेळा मिळते, आणि पुढे ती फार कामाला येते. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद असेल तर त्याचाही फोटो घ्या. झोनची नावं आणि कधी कधी कोडही तिथेच लिहिलेला असतो.

वीज आणि बॅटरी

बंद पडलेली यंत्रणा बघताना सुरुवात नेहमी बॅटरीपासून करा. पेटीत साधारण १२ व्होल्ट ७ एएच (ॲम्पिअर-तास) ची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. तिची कड फुगलेली असेल किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल, तर मोजत बसू नका, बदला. बाहेरून नीट दिसत असेल तर मोजा. भरलेली, निवांत ठेवलेली चांगली बॅटरी १२.७ ते १२.९ व्होल्ट दाखवते. पण नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, कारण म्हातारी बॅटरीही भाराशिवाय १२.६ दाखवते. गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब तिला दहा मिनिटं लावा आणि मीटर बघत राहा. व्होल्टेज १२ च्या वर टिकलं तर ठीक. भराभर ११ कडे घसरलं तर ती संपली.

नव्या बॅटरीला साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो आणि अख्ख्या दुरुस्तीतला हाच मोठा खर्च असतो. बसवताना पॅनलचं चार्जिंगही तपासा. बॅटरी जोडून वीज सुरू केल्यावर, काही तासांनी टर्मिनलवर १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसायला हवेत. सतत १४.२ च्या वर असेल तर पॅनलचा रेग्युलेटर बिघडलाय आणि नवी बॅटरीही काही महिन्यांत फुगेल. १३ च्या खालीच अडकलं असेल तर चार्जिंग होत नाही. तेव्हा आधी काचेचा फ्यूज बघा आणि मग ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट. त्यावर छापलेल्या आकड्याच्या जवळपास एसी व्होल्ट मिळायला हवेत. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच ॲम्पिअरचा घाला. त्या जागी तांब्याची तार गुंडाळू नका, आग तिथूनच लागते.

इनव्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी पॅनलला जोडायचा मोह होतो. तो टाळा. पॅनलचा चार्जर छोट्या बॅटरीसाठी बनवलेला असतो, मोठी त्याच्यानं नीट भरत नाही. आणि तिची गरजही नाही. पॅनल, कीपॅड आणि चार सेन्सर मिळून साधारण २०० मिलिॲम्पिअर खातात. म्हणजे ७ एएच ची बॅटरी कागदावर ३५ तास आणि प्रत्यक्षात निदान एक दिवस सहज काढते. आपल्याकडच्या लोडशेडिंगला तेवढं पुरेसं आहे.

खान्देशात बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, तेव्हा स्लॅबखालच्या पोटमाळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीवर असलेल्या पेटीत काय होत असेल ते समजून घ्या. पाच वर्षं चालायची बॅटरी इथे दोन-तीन वर्षांत बसते. पेटी तापणाऱ्या जागी असेल तर बॅटरी खाली, जिन्याखालच्या सावलीत आणा. जाड आणि आखूड वायर वापरा आणि बॅटरीजवळ फ्यूज घाला. नव्या बॅटरीवर मार्करनं महिना-वर्ष लिहा.

लूप मोजणं: खरी दुरुस्ती इथेच होते

वीज आणि बॅटरी ठीक झाली की बऱ्याचदा कीपॅड उजळतो, पण एक-दोन झोन उघडेच दाखवतो. इथे लोक घाबरून दुकान गाठतात. तसं करू नका, यात अवघड काहीच नाही.

झोन म्हणजे वायरचा एक फेरा, म्हणजेच लूप. पॅनलमधून निघतो, दाराच्या कॉन्टॅक्टमधून जातो, परत येतो. शेवटच्या ठिकाणी एक छोटा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा देणारा भाग, असतो. दार बंद असताना पॅनलला तेवढाच रेझिस्टन्स दिसतो. दार उघडलं किंवा वायर तोडली तर फेरा तुटतो. कोणी दोन वायरी एकमेकींना जोडून पॅनलला फसवायला गेलं तर रेझिस्टन्स शून्य होतो, आणि पॅनल तेही ओळखतो.

पुन्हा वीज बंद करा आणि बॅटरी काढा. झोनच्या दोन्ही वायरी पॅनलमधून सोडवा, घरातली सगळी दारं-खिडक्या बंद करा आणि मीटर ओहमवर ठेवून त्या दोन वायरींवर लावा. रेझिस्टरएवढा आकडा आला तर झोन निरोगी आहे. रंगांच्या पट्ट्यांवरून आकडा ओळखता येतो: लाल-लाल-लाल म्हणजे २.२ किलोओहम, पिवळा-जांभळा-लाल ४.७, हिरवा-निळा-लाल ५.६, तपकिरी-काळा-केशरी १०. पॅनलला कोणता लागतो ते पुस्तिकेत असतं. काही अगदी जुन्या पॅनलमध्ये रेझिस्टरच नसतो, तिथे बंद दाराला नुसते काही ओहम दिसतात.

किती ओहम चालतील? अर्धा मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरमागे साधारण ८८ ओहम असतात. दार वीस मीटरवर असेल तर जाऊन-येऊन चाळीस मीटर, म्हणजे साडेतीन ओहम. रेझिस्टर वगळता दहा-पंधरा ओहमपर्यंत काळजी नाही. शंभर-दोनशे दिसले तर कुठेतरी जोड कुजलाय, हे नक्की समजा.

देवपूरला एका काकूंच्या घरी मागच्या दाराचा झोन रात्री मध्येच वाजायचा. त्या म्हणाल्या, “भाऊ, वारा सुटला की वाजतं, म्हणून शेवटी बंदच करून टाकलं.” मीटर लावला तर रेझिस्टर सोडून तीनशेच्या वर ओहम, आणि दार जरा आपटलं की आकडा नाचायचा. दाराच्या वर चौकटीलगत एक छोटा जंक्शन बॉक्स होता. तो उघडल्यावर दिसलं की दोन वायरी नुसत्या पिळून टेप लावून ठेवल्या होत्या. टेपचा गोंद उन्हाळ्यांनी वितळून काळा चिकट झालेला, तांबं हिरवं पडलेलं. ते टोक कापलं, नवं तांबं उघडं केलं, पिळून डाग दिला आणि वर स्लीव्ह चढवली. आकडा चार ओहमवर येऊन थांबला. खर्च झाला तो कथलाच्या तुकड्याचा. म्हणून सांगतो, आपल्या उन्हात नुसत्या टेपचा जोड कधी ठेवू नका.

मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे फेरा पूर्ण तुटलेला असेल, तर अर्धं-अर्धं करत शोधा. आधी शेवटच्या कॉन्टॅक्टपाशी जा, त्याची दोन टोकं वायरच्या तुकड्यानं जोडा आणि पॅनलपाशी येऊन पुन्हा मोजा. आता आकडा आला तर वायर चांगली आणि कॉन्टॅक्ट खराब. तरीही काही नसेल तर मधल्या जंक्शनपाशी तेच करा. दर वेळी शोधायचं अंतर निम्मं होतं. उंदरांनी वायर कुरतडली असेल तर सहसा पोटमाळ्यावर किंवा धाब्याच्या घरात लाकडी तुळयांवरून गेलेल्या उघड्या भागात. भिंतीतल्या पाइपात क्वचितच. आणि एक मोठी सोय लक्षात असू द्या: केबल चार किंवा सहा तारांची असेल तर दोन-तीन तारा बहुधा मोकळ्याच असतात. तुटलेली तार सोडा आणि दोन्ही टोकांना मोकळी तार जोडा. भिंत फोडायची गरज पडत नाही.

ज्या झोनवर मोशन सेन्सर आहे तो वीज बंद असताना उघडाच दिसेल, कारण बहुतेक सेन्सरचा रिले (आतला स्विच) विजेवरच जोडलेला राहतो. तिथे मोजताना सेन्सरच्या एनसी आणि सी टर्मिनलना तात्पुरता तुकडा लावा, आणि नंतर तो न विसरता काढा.

आणखी एक गोष्ट बघाच. बसवणाऱ्यानं घाईत रेझिस्टर दारापाशी न लावता पॅनलच्या पट्टीवरच लावलेला सापडतो. तसं असेल तर बाहेरून वायरी शॉर्ट केल्या तरी पॅनलला काही कळत नाही, उलट दार कायम बंदच आहे असं त्याला वाटतं. रेझिस्टर दोन रुपयांचाही नसतो. तो शेवटच्या कॉन्टॅक्टपाशी नेऊन लावा.

दारं

दाराच्या कॉन्टॅक्टमध्ये काचेच्या नळीत दोन पात्या असतात, चुंबक जवळ आलं की त्या चिकटतात. चुंबक सहसा खराब होत नाही, काच मात्र दार आपटल्यानं तडकते. मीटर बीपवर ठेवा, सुटं चुंबक जवळ न्या, लांब न्या. प्रत्येक वेळी स्वच्छ बीप यावा आणि स्वच्छ थांबावा. अडखळत असेल तर बदला. नवा शंभर-दोनशे रुपयांत मिळतो.

सागवानी दारं पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, त्यामुळे चुंबक आणि कॉन्टॅक्टमधली फट बदलते. मधल्या ऋतूत साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर फट ठेवा. लोखंडी दार, जाळी किंवा शटर असेल तर साधा कॉन्टॅक्ट नीट चालत नाही, कारण लोखंड चुंबकाची ताकद खेचून घेतं. तिथे मोठ्या फटीचा, धातूच्या दारासाठीचा कॉन्टॅक्ट घ्या. निदान चुंबकाखाली प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पट्टी द्या.

मोशन सेन्सर आणि आपला उन्हाळा

कोपऱ्यातला पीआयआर सेन्सर अंगातून निघणारी उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक पकडतो. पुण्यात किंवा नाशिकला जानेवारीत हा फरक भरपूर असतो. आपल्याकडे आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मृग या काळात बंद घराच्या भिंती दुपारपासून रात्रीपर्यंत ३५ ते ४० अंशांवर तापलेल्या असतात. माणसाची त्वचा आणि कपडे जवळपास तेवढेच. फरक उरत नाही, आणि सेन्सरला समोरून गेलेला माणूस दिसत नाही.

नेमक्या याच दिवसांत घरं बंद असतात. लेकी-सुना आखाजीला माहेरी जातात, लग्नसराईत सगळं घर वऱ्हाडाला निघतं, लग्नाचं सोनं कपाटात असतं. म्हणून खान्देशात मुख्य राखण दारा-खिडक्यांच्या कॉन्टॅक्टवर ठेवा, पीआयआर दुसऱ्या फळीत. पैसे थोडेच असतील तर नवा सेन्सर घेण्याआधी मागच्या दाराला, गच्चीच्या दाराला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला कॉन्टॅक्ट लावा. सेन्सर बदलायचाच असेल तर तापमान भरपाई असलेला, किंवा पीआयआरसोबत मायक्रोवेव्ह असलेला घ्या.

जुना सेन्सर तपासताना आधी त्याच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा. पॅनलवर १३.५ आणि इथे ९ असतील तर सेन्सरला दोष देऊ नका, जोड शोधा. वीज दिल्यावर दोन मिनिटं थांबा, त्याला स्थिर व्हायला वेळ लागतो. मग चालून बघा. सेन्सरच्या दिशेनं सरळ चालल्यापेक्षा त्याच्या समोरून आडवं चाललं तर तो लवकर ओळखतो. ही चाचणी डिसेंबरच्या सकाळी पास झाली याला फार अर्थ नाही. मे महिन्यात दुपारी चारला, कूलर बंद ठेवून करा. आंधळा कोपरा तेव्हाच कळतो.

झाकण उघडून आत बघा. कोळ्याचं जाळं, मुंग्या, पालीची अंडी, काहीही निघतं, आणि विनाकारण वाजण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. पुढची दुधी भिंगाची पट्टी मऊ कोरड्या कापडानं पुसा. वायर आत येते ते भोक सिलिकॉननं बुजवा. सेन्सर कूलरच्या झोतात किंवा पश्चिमेच्या खिडकीसमोर असेल तर जागा बदला. सव्वादोन मीटरच्या आसपासची उंची चांगली.

हूटर, कोड, फोन

हूटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट क्षणभर द्या, प्लस-मायनस बघून. वाजला तर चांगला. बाहेरच्या भोंग्यात गांधीलमाशा घर करतात, शिडीवर चढण्याआधी खालून नीट बघा. वाजण्याचा वेळ पॅनलमध्ये पाच मिनिटांवर ठेवा. तासभर कोकलणाऱ्या हूटरकडे पुढच्या वेळी गल्लीतलं कोणी लक्ष देत नाही.

कोड कोणालाच आठवत नसेल तर पुस्तिकेत फॅक्टरी रीसेटची पद्धत बघा. बहुतेक ठिकाणी बोर्डावरचे दोन पिन जोडून वीज सुरू करावी लागते. रीसेटनं झोनची सगळी मांडणी पुसली जाते, म्हणून आधी दिसतंय तेवढं लिहून घ्या. रीसेटनंतर कारखान्याचा कोड लगेच बदला. बसवणाऱ्यानं रीसेटच बंद करून ठेवलं असेल तर बोर्ड बदलावा लागतो. तेव्हाही वायरी जशाच्या तशा नव्या पट्टीवर येतात, फक्त नव्या बोर्डाला लागणारे रेझिस्टर दारांपाशी बदला.

जुने पॅनल लँडलाइनवरून फोन लावायचे. लँडलाइन गेली असेल तर पॅनलच्या आउटपुटवर जीएसएम डायलर जोडता येतो. घेताना तो टूजीचा आहे की फोरजीचा ते विचारा. जिओचं टूजी नेटवर्क नाही, त्यामुळे टूजी डायलरमध्ये जिओचं सिम चालणार नाही. सिमचा रिचार्ज संपला की डायलर मुका होतो, ती तारीख कॅलेंडरवर लिहा. पहिला नंबर शेजाऱ्याचा ठेवा. मुलगा पुण्यात, मुलगी सुरतेला, त्यांना कळून ते काय करणार? शेजारी बघेल आणि गरज वाटली तर ११२ ला फोन करेल. डायलरमध्ये थेट ११२ भरू नका. पालीमुळे वाजलेला अलार्म पोलिसांपर्यंत जायला नको.

पुन्हा जोडताना

सगळे झोन एकदम जोडू नका. प्रत्येक झोनच्या टर्मिनलवर योग्य रेझिस्टर लावून पॅनल सुरू करा. सगळे झोन बंद दिसले तर बोर्ड चांगला आहे. मग एकेक रेझिस्टर काढून त्या जागी खरा झोन जोडा, दार उघडून-मिटून बघा आणि पुढच्याकडे जा. गडबड झाली तर ती शेवटी जोडलेल्या झोनमध्येच असते. शेवटी एमसीबी बंद करून सगळी यंत्रणा रात्रभर बॅटरीवर चालवा. सकाळी हूटर वाजवून बघा.

पुढे महिन्यातून एकदा वीज बंद करून हीच परीक्षा घ्या आणि प्रत्येक दार उघडून कीपॅडवर दिसतंय का ते बघा. पावसाआधीच्या वादळी आठवड्यांत गडगडाट सुरू झाला आणि घरात माणसं असली तर पॅनलचा एमसीबी उतरवून ठेवा, बॅटरीवर तो चालत राहतो. अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या. जुनी बॅटरी भंगारात टाकू नका, आत शिसं आणि आम्ल असतं. नवी घेताना दुकानदाराला द्या, तो थोडे पैसेही कमी करतो.

झाकणाच्या आत नवा कागद चिकटवा: झोन १ पुढचं दार, झोन २ मागचं दार, झोन ३ गच्ची, रेझिस्टर किती, बॅटरी कधी बदलली. गावाला जाताना हूटर बंद करण्यापुरता वेगळा कोड शेजाऱ्याला द्या आणि परत आल्यावर तो बदला. मुख्य कोड मात्र त्या कागदावर लिहू नका.